काचेवरची कल्हई

मोबाइल नवा असताना पहिल्या आठवड्यात त्याची काच कशी असते ते आठवून पाहा. बोट टेकवलं की आपोआप सरकतं. गालाचा घाम लागो की भज्याचं तेल, सदऱ्याच्या टोकाने एक हात फिरवला की काच पुन्हा कोरी. वर्ष-दीड वर्षाने त्याच काचेवर बोट अडखळायला लागतं. डाग पुसायला जावं तर निघत नाही, पसरतो. उन्हात सगळी काच धुरकट दिसते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, फोन जुना झाला, आता नवा घ्या.

माझं म्हणणं असं की फोन जुना झालेला नसतो. काचेवरचा एक लेप झिजून गेलेला असतो. तो झिजणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. विकत घेणाऱ्याला मात्र असा काही लेप होता याचाच पत्ता नसतो.

हा लेप तेल आणि पाणी धरू देत नाही. त्यात फ्लोरिन असलेले लांब साखळीचे रेणू असतात. नॉनस्टिक तव्यावरच्या थराचा तो लांबचा भाऊबंद. जाडी साधारण १० ते २० नॅनोमीटर. माणसाचा केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. म्हणजे एका केसाच्या जाडीत असे चार हजारांहून जास्त थर मावतील. चांगल्या फोनवर तो हवा काढून टाकलेल्या पेटीत, वाफेच्या रूपाने काचेवर बसवतात. अॅपलने २००९ साली आयफोन थ्रीजीएसवर तो आणला आणि पुढे सगळ्यांनीच उचलला. नेहमीच्या वापराने या लेपाचा गुण कमी होत जातो, असं अॅपल आपल्या साफसफाईच्या सूचनांमध्ये सरळ लिहिते. पण सूचना वाचतं कोण? आणि आपल्याकडे खपणाऱ्या दहा-बारा हजारांच्या फोनच्या डब्यात असला कागद मला कधी दिसलेला नाही.

लेप जातो कशाने? बोटानेच. दिवसातून शेकडो वेळा एकाच जागी घासणारा अंगठा, खिशातलं कापड, घामातलं मीठ. जिथे कीबोर्ड येतो तो खालचा पट्टा आणि जिथून व्हिडिओ वर सरकवतो ती उजवी बाजू आधी जाते. मोबाइलवर गेम खेळणाऱ्या पोरांना हे आपल्या आधी कळतं. त्यांचा अंगठा अडला की डाव गेला.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ‘माझ्या फोनला गोरिला ग्लास आहे, मला गार्ड कशाला,’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. काच वेगळी आणि लेप वेगळा. गोरिला ग्लास बनवताना काच वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात, साधारण चारशे अंश तापमानात बुडवून ठेवतात. काचेतले लहान सोडियमचे कण बाहेर पडतात, मोठे पोटॅशियमचे कण त्या जागी दाटीवाटीने बसतात आणि काचेचा वरचा भाग आवळला जातो. त्यामुळे ती सहज फुटत नाही. ही ताकद काचेच्या अंगात मुरलेली असते, जन्मभर राहते. लेप मात्र नुसता वर बसवलेला असतो. काच कितीही पैलवान असली तरी तिच्या अंगावरचं तेल एक दिवस उतरणारच.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपण कल्हई पाहिलेली आहे. निदान चाळिशी ओलांडलेल्यांनी तरी. गल्लीत कल्हईवाला यायचा, जमिनीत खड्डा करून भाता लावायचा. निखाऱ्यावर भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर, नाकात घुसणारा तो वास. मग कथलाची कांडी भांड्याला टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवायचं. काळवंडलेलं भांडं क्षणात चांदीसारखं व्हायचं आणि पाण्यात बुडवलं की चर्र करायचं. आमच्या मोहल्ल्यात लग्नसराईच्या आधी तांब्याच्या देगा रांगेने कल्हईला लागत. हे काम करणारे आमच्या भागात बहुतेक मुस्लिमच असत आणि त्यांच्यासाठी हिंदू घरांचं अंगणही मोकळं असे.

कल्हई जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती गेली की आंबट वरण कळकतं, हेही ठाऊक होतं. म्हणून कुणी भांडं मोडीत काढत नव्हतं. वरचा थर झिजायचा, त्याला नवा करणारा माणूस दारात यायचा, आणि तेच पातेलं आजीकडून नातसुनेकडे जायचं. वस्तूचा थर कमी आयुष्याचा असला तरी वस्तूचं आयुष्य त्याच्याशी बांधलेलं नव्हतं.

फोनच्या काचेला असा कल्हईवाला नाही. मूळ लेप पुन्हा चढवायचा तर निर्वात पेटी हवी, ती रस्त्याकडेच्या टपरीवर येणार नाही. ‘नॅनो लिक्विड’ म्हणून छोट्या बाटल्या मिळतात. दोन थेंब टाका, पुसा आणि काच अभेद्य झाली असं समजा. चार दिवस बोट छान सरकतं हे खरं. पण कापडाने पुसून लावलेला थर कापडाच्याच पुसण्याने जातो, आणि काच अभेद्य वगैरे काही होत नाही. त्यावर पैसे घालवू नयेत असं माझं मत आहे.

मग उरतो तो गार्ड. खऱ्या काचेवर दुसरी काच चिकटवायची, झीज त्या दुसरीला सोसू द्यायची आणि ती गेली की बदलायची. पुण्यात राहणारे माझे एक मित्र यावर हसतात. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला चादर आणि फोनला गार्ड, ही म्हणे मराठवाड्याची ओळख. पण ते दर दोन वर्षांनी फोन बदलतात. त्यांच्या फोनच्या लेपाचं आयुष्य आणि त्यांच्या हौसेचं आयुष्य साधारण सारखंच आहे. आमच्याकडे फोन एकाच्या हातात राहत नाही. मोठ्या भावाकडून बहिणीकडे, तिच्याकडून अम्मीकडे, आणि शेवटी लातूरला क्लासला गेलेल्या पोराकडे. चार-पाच वर्षं, चार-पाच हात. पहिल्याच दिवशी गार्ड लावला असेल तर चौथ्या हातात पडेपर्यंत खालचा लेप बराचसा शाबूत राहतो. हा कंजूषपणा नाही, साधा हिशोब आहे.

गार्डचा बाजार मात्र थापांवर चालतो, हेही सांगितलं पाहिजे. नांदेडला वजिराबाद, देगलूर नाका, लातूरला गंजगोलाईच्या आजूबाजूला, कुठेही जा. भिंतीवर गार्ड टांगलेले असतात. माल बराचसा हैदराबादच्या जगदीश मार्केटमधून येतो. (गंजगोलाईचा विषय निघालाच आहे तर, सोळा रस्ते एका गोलात आणणारा तो बाजार निजामी राज्यात फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखला. लातूरकर त्या गोलात रोज फिरतात, नाव फार थोड्यांना माहीत असतं.) गार्डच्या पाकिटावर लिहिलेलं असतं ९एच, ११डी, २१डी, सुपर डी. यातल्या ‘डी’ला काहीच अर्थ नाही. लांबी, रुंदी आणि उंची धरून मिती तीनच. उरलेल्या अठरा छापखान्यात तयार होतात.

‘९एच’ला अर्थ आहे, पण लोक समजतात तो नाही. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोह्स नावाची श्रेणी असते. तिच्यात हिरा १० वर आणि माणिक-नीलम ९ वर. ९एच वाचून गिऱ्हाइकाला वाटतं, काच नीलमइतकी कठीण. प्रत्यक्षात हा आकडा पेन्सिलचा आहे. एचबी, २एच अशा चढत्या क्रमाने कठीण होत जाणाऱ्या पेन्सिली असतात. ९एचच्या पेन्सिलने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलीने साध्या खिडकीच्या काचेवरही ओरखडा उठत नाही. मोह्सच्या श्रेणीत काच साडेपाच-सहाच्या आसपास आणि गारगोटी ७ वर. गोदावरीच्या वाळूतला गारगोटीचा एक कण पँटच्या खिशात असला तरी ९एचची काच ओरखडते. गंमत म्हणजे आपली काळी चिकणमाती काचेपेक्षा मऊ आहे. तिने फोन मळतो, चरा पडत नाही. चरा पडतो तो बांधकामावरच्या वाळूने. म्हणून शेतकऱ्याच्या फोनपेक्षा गवंड्याचा फोन जास्त खरवडलेला दिसतो.

गार्डलाही तेल न धरणारा लेप असतोच. स्वस्त गार्डवर तो कच्चा असतो, महिना-दोन महिन्यांत जातो. तो आहे की गेला हे ओळखायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. पाण्याचा एक थेंब काचेवर सोडा. अळूच्या पानावरच्या थेंबासारखा गोल उभा राहिला तर लेप आहे. पसरून सपाट झाला तर गेला. गार्ड घेताना दुकानात हाच थेंब टाकून पाहावा. दुसरी गोष्ट, गोंद फक्त कडेला आहे की पूर्ण काचेला, हे विचारावं. फक्त कडेला असेल तर मध्ये हवा राहते आणि स्पर्श नीट पोचत नाही. दुकानात ‘फुल ग्लू’ म्हटलं की कळतं.

स्पर्शाचं हे प्रकरण वाटतं तितकं किरकोळ नाही. काचेखाली एक नाजूक विद्युतक्षेत्र असतं. बोट जवळ आलं की, बोटातल्या ओलाव्यामुळे, त्यात फरक पडतो आणि फोनला कळतं. ज्याच्या बोटाची कातडी खुरप्याने, विटांनी, ऊसतोडीने जाड आणि कोरडी झाली आहे, त्याचं बोट काचेला नीट जाणवतच नाही. त्यात वर अर्धा गोंद लावलेला जाड गार्ड, लेप गेलेला, घामाने चिकट. तो माणूस बोट दाबतो, आणखी जोरात दाबतो, आणि शेजारी उभा असलेला कुणी शिकलेला म्हणतो, ‘मामा, तुम्हाला मोबाइल जमत नाही.’

आता हा मामा फोन हौसेने वापरत नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याने करायची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून, पिकाचा फोटो काढून फोनवर करायची. कल्पना वाईट नाही. पण सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद नसेल तर पुढे सरकारी खरेदी केंद्रावर अडतं. माझे एक चाचा औशाकडे कोरडवाहू शेती करतात. भर दुपारी त्यांना फोन उलटासुलटा धरून सावली शोधताना मी पाहिलं आहे. काचेवर तेलाचा पापुद्रा असला की ऊन त्यावर फाकतं आणि अक्षर दिसत नाही. ‘पुढे जा’चं बटन कुठे आहे ते अंदाजाने दाबायचं. चुकीच्या गटावर बोट पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यांना मी नवा गार्ड लावून दिला, चांगला, दीडशेचा. काम बरंच सोपं झालं. दीडशे रुपयांचा फरक सातबाऱ्यापर्यंत पोचतो, ही आजच्या खेड्याची स्थिती आहे.

अंगणवाडी सेविकांचं उदाहरण याहून बोलकं आहे. मुलांचं वजन-उंची, पोषण आहार यांच्या नोंदी फोनवर करायच्या म्हणून सरकारने त्यांना फोन दिले. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते परत केले. फोन तापतात, अडकतात, दुरुस्तीचा खर्च आमच्याच अंगावर येतो, आणि अॅपची भाषा इंग्रजी, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. मी त्या आंदोलनाचा अर्थ असा लावतो की, औजार दिलं पण औजाराची निगा कुणाची, हे ठरवलंच नव्हतं. कुदळीला दांडा लागतो, शिलाई मशीनला तेल लागतं, हे आपण खर्चात धरतो. फोन सक्तीचा केला, तेव्हा त्याच्या काचेचा आणि बॅटरीचा खर्च कुणी धरला नाही.

कंपन्यांना हा लेप किती टिकेल ते माहीत असतं, कारण ते मोजूनच लेप विकत घेतला जातो. बारीक लोखंडी लोकरीवर ठरावीक वजन ठेवून ती काचेवर हजारो वेळा पुढे-मागे घासतात आणि मग पाण्याचा थेंब किती अंशाच्या कोनात उभा राहतो ते बघतात. नव्या लेपावर हा कोन ११० अंशांच्या आसपास असतो. घासून घासून तो कुठल्या फेरीला खाली येतो, हा आकडा लेप पुरवणाऱ्यांच्या कागदांवर असतो. फोनच्या डब्यावर नसतो. डब्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल असतात. मी म्हणतो, तोही आकडा छापा. फार काही नाही, एक ओळ.

युरोपात २० जून २०२५ पासून फोनवर लेबल लावणं सक्तीचं झालं आहे. फोन पडल्यावर कितपत टिकतो, बॅटरी किती वेळा चार्ज होईल, दुरुस्ती किती सोपी, याची श्रेणी त्यावर असते. लेपाचा उल्लेख तिथेही नाही, पण निदान टिकण्याबद्दल बोलायला सुरुवात तरी झाली. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल काढलं. तिथे सगळी चर्चा सुट्या भागांची आणि सेवा केंद्रांची. काचेवरचा लेप हा सुटा भाग नाही, त्यामुळे तो कुणाच्याच यादीत बसत नाही. एका सेवा केंद्रात मी याबद्दल विचारलं होतं. फोनला आठ महिने झाले होते, वॉरंटी चालू होती. काउंटरवरच्या मुलाने काच बोटाने चोळून पाहिली आणि म्हणाला, ‘ये तो इस्तेमाल से होता है सर.’ इस्तेमालाने होतं, म्हणून वॉरंटीत नाही. बरोबर. मग इस्तेमालाने किती दिवसांत होतं, ते तरी विकताना सांगा.

काही गोष्टी करू नयेत, त्या भराभर सांगतो. टूथपेस्टने काच चोळू नये. पेस्टमध्ये दात घासायची बारीक पावडर असते, ती उरलासुरला लेपही घासून काढते. भांड्याची राख नको. खिडक्या पुसायचा फवारा नको. करोनाच्या काळात फोनला रोज सॅनिटायझर चोळायची लागलेली सवय काही जणांची अजून सुटलेली नाही. ती सोडावी, चष्म्याचं मऊ कापड जरा ओलं केलं की पुरे. अत्तर लावलेल्या बोटाने लगेच फोन उचलू नये, अत्तर म्हणजे तेलच. वाकड्या कडांच्या महागड्या फोनवर पातळ गोंद ओतून, निळ्या दिव्याखाली धरून जो ‘यूव्ही ग्लास’ लावतात, त्यापासून जपावं. तो गोंद स्पीकरच्या जाळीत आणि बटनांच्या फटीत उतरतो. २०२४ मध्ये शाओमीने भारतातल्या ग्राहकांना त्याविरुद्ध सावध केलं होतं. आणि काचेखाली बोटाचा ठसा वाचणारा फोन असेल तर गार्ड लावल्यावर ठसा पुन्हा नोंदवावा. तरीही एकदा दुसऱ्याच्या बोटाने तो उघडतो का ते पाहावं. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० वर काही जेलचे गार्ड लावले की कुणाच्याही बोटाने फोन उघडत होता. कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्त करावं लागलं. आता फोनमध्येच बँक असते, म्हणून हे सांगितलं.

गार्ड लावणाऱ्या पोरांबद्दल एक तक्रार मला नेहमी ऐकू येते: वीस रुपयांच्या काचेचे शंभर घेतात. घेतात. पण ते काम जवळून बघा. ओल्या पट्टीने पुसायचं, कोरड्याने पुसायचं, मग चिकटपट्टीने एकेक धुळीचा कण उचलायचा. उन्हाळ्यात देगलूर नाक्यावर, समोरून ट्रक आणि रिक्षा धूळ उडवत असताना. कॅमेऱ्याचं भोक जुळवून काच वरून अलगद सोडायची, मध्ये बोट टेकवायचं आणि गोंद कडेपर्यंत पाण्यासारखा पसरताना बघत राहायचं. एक कण राहिला तर बुडबुडा, बुडबुडा राहिला तर गिऱ्हाईक पैसे देत नाही, काच वाया. आमच्या भागातली बरीच मुस्लिम पोरं दहावी-बारावीनंतर या धंद्यात आली. काहींचे आजोबा भांड्यांना कल्हई करत, काहींचे घड्याळं दुरुस्त करत. या पोरांना ‘मोबाइलवाला’ म्हणतात, कारागीर कुणी म्हणत नाही. माझ्या हिशोबाने शंभरातले ऐंशी रुपये त्या हाताचे आहेत आणि ते घासाघीस न करता द्यावेत.

गार्डच्या बाजूने एवढं बोललो, तरी एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. दुकानात काउंटरखाली एक पुठ्ठ्याचं खोकं असतं. उतरवलेले, तडकलेले गार्ड त्यात पडतात. एखादा दिवस चांगला गेला की संध्याकाळपर्यंत ते भरतं. काच आणि गोंद एकमेकांना चिकटलेले, तुकडे बारीक, बोटात शिरणारे. कथलाचा चुरा कल्हईवाला गोळा करून पुन्हा वितळवायचा. या काचेचं काय करता, असं मी वजिराबादेतल्या एका पोराला विचारलं. तो म्हणाला, भंगारवाल्याला दाखवली होती, त्याने हात लावला नाही. रात्री दुकान बंद करताना ती घंटागाडीच्या कचऱ्यात जाते, आणि दोनदा सफाई कामगाराचा हात कापल्यापासून तो आता ती आधी वर्तमानपत्रात गुंडाळतो.